बुडालेल्या उंबराचे मासे

आमच्या घराला वास होता. लग्न होऊन मी पळसदरीला आले तेव्हा तेरा वर्षांची होते, आणि त्या घराची ओळख मला माणसांच्या आधी वासाने झाली. जवसाचं तेल, मेण, ओलं किंतान, कोंबड्याची पिसं, आणि या सगळ्यांच्या तळाशी मासे धुतलेलं पाणी. हे पाणी मागच्या दारच्या अळवाला घालायचं. ते अळू असं माजलं होतं की पानं छत्रीएवढी आणि देठ माझ्या मनगटाएवढे. सासूबाई त्याच पानांच्या वड्या करायच्या आणि आल्यागेल्याला कौतुकाने वाढायच्या. मी एक वडी तोंडात घालून पाण्याबरोबर गिळून टाकायची. मासे मला नवे नव्हते. माझं माहेर पनवेलचं, आम्ही कायस्थ, घरात मासळी रोजची. पण ती खाडीची, टोपलीतून दारात यायची, तिला खारा, मोकळा वास असायचा. तलावातल्या माशाच्या वासात चिखल असतो, कुजलेला पाला असतो, आणि तो बोटांना लागला की राखेने घासा नाहीतर चिंचेने घासा, दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच असतो. जेवायला बसले की आधी मी बोटं हुंगायची. सासूबाईंनी दोनदा पाहून सोडून दिलं आणि तिसऱ्यांदा हातावर चापट मारली.

घर म्हणजे दोन खोल्या, पडवी आणि मागे चूल. तलावाच्या बांधापासून शंभर पावलांवर. हा तलाव आगगाडीच्या इंजिनांना पाणी देण्यासाठी घाटाच्या पायथ्याशी बांधलेला. घाट चढायला मागून जादा इंजिन जोडत, आणि ती दोन इंजिनं धापा टाकत निघाली की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणायची, या तलावाचे कारकून होते. रोज पाण्याची उंची वहीत लिहायची, पाणी सोडायच्या दरवाज्याची चावी फिरवायची, गुरं पाण्यात उतरू द्यायची नाहीत, एवढं त्यांचं काम. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण मुंबईला चाललं होतं. ते सुट्टीपुरते यायचे. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. त्या काळी सासऱ्यापुढे सून उभीसुद्धा राहत नसे. पण सासूबाईंना दम्याचा त्रास, दिसायचंही कमी, आणि मामंजींना बोलायला माणूस लागायचं, म्हणून आमच्याकडे तो नियम कधी सुटला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मामंजी चांगले होते. हे मला आधी लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे लिहायला जमणार नाही. त्या घरात मला नावाने हाक मारणारे तेच. "मनू, इकडे ये, हे वाचून दाखव," म्हणून ते मला त्यांच्या वहीतले आकडे वाचायला लावायचे आणि चुकले तर हसायचे, रागवायचे नाहीत. सासूबाईंनी फार बोल लावले की पडवीतून खोकायचे. त्या खोकल्याने त्या गप्प व्हायच्या.

त्यांचं वेड एकच, मासे. रेल्वेचा आधीचा साहेब विलायतेला परत जाताना आपली होडी त्यांना देऊन गेला होता. आपल्याकडच्या होड्यांसारखी ती नव्हती. वेताच्या कामट्यांचा लांबट सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं किंतान, त्यावर जवसाच्या तेलाचे हात. दोन्ही टोकांना निमुळती, वरूनही बंद, आणि मधे एका माणसापुरतं भोक. त्यात पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं डावी-उजवीकडे मारत जायचं. आम्ही तिला शेंग म्हणायचो. मामंजी तिच्यात बसले की कमरेखालचा माणूस दिसायचाच नाही. इतकी हलकी की ते ती खांद्यावर घेऊन चालायचे. जुन्या साहेबाची त्यांना तोंडी परवानगी होती. नवा साहेब आला त्याने हुकूम काढला की तलावात कुणी उतरायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, मासे धरायचे नाहीत. हा हुकूम लोकांना वाचून दाखवायचं काम मामंजींचंच. त्यांनी तो बांधावर उभं राहून मोठ्याने वाचला, आणि शेंग करवंदीच्या जाळीत लपवून ठेवली. तेव्हापासून ते पहाटे फटफटताना जायचे आणि रेल्वेच्या सांधेवाल्यांची पाळी बदलायच्या आत परत यायचे.

गळाला ते गांडूळ किंवा पीठ लावत नसत. साहेबाने त्यांना खोटे मासे करायला शिकवलं होतं. मोडक्या पितळी पळीचा तुकडा मासोळीच्या आकाराचा कापायचा, त्याला चकाकी आणायची, शेपटीकडे गळ आणि गळाभोवती कोंबड्याच्या मानेची पिसं, मोराच्या पिसाचा एखादा तंतू, रेशमाचे चार वेढे. पाण्यातून ओढत नेलं की ते जिवंत माशासारखं लचकतं आणि मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो. मामंजी त्याला भूल म्हणायचे. पण त्यांची बोटं जाड, रेशीम तुटायचं. माहेरी मी कशिदा काढायची. एकदा सहज मी त्यांच्या हातातून ती घेतली आणि वेढे घालून दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच भुलीवर हाताएवढी मरळ आणली आणि सासूबाईंना सांगितलं, "ही मनूने धरली." त्या एका वाक्यासाठी मी पुढे दीड वर्ष त्यांच्या भुली बांधल्या. दुपारी ताटात पिसं घेऊन बसायची. पिसांना अजून कोंबडीचं रक्त लागलेलं असे, ते धुताना शिसारी यायची, पण बांधून झालेली भूल तळहातावर घेतली की काहीतरी साधल्यासारखं वाटायचं. मासे चिरायची किळस आणि मासे धरायच्या वस्तू करण्याची हौस, दोन्ही मला एकाच वेळी होती. परवा माझ्या नातीने डॉक्टरांनी सांगितलं म्हणून माशाच्या तेलाची बाटली आणली, आणि मी ती हातात न घेता कपाटात ठेवायला लावली, तेव्हा तिला हे सगळं सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही.

आमच्या मागच्या दारी रखमा यायची. खालापूरच्या वाटेवरच्या वाडीतली कुणबीण. कधी वाल, कधी पोहे, कधी लाकडाची मोळी घेऊन यायची, पायरीवर बसून पान खायची आणि उठायची. तिची मुलगी काशी तलावापलीकडच्या गावात दिलेली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. माहेरी येता-जाता तीही आईबरोबर पायरीवर टेकायची. मी भूल बांधत असले की जवळ सरकून पाहायची. एकदा म्हणाली, "येवढं शिंगारून देता त्याला, मग तो मरायला येनारच की वो." आणि खूप हसली. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. माझ्याशी त्या गावात हसणारी ती एकटीच.

हे झालं ते दिवाळीच्या आधी, भात कापणीला आला होता तेव्हा. पाऊस उघडलेला, तलाव काठोकाठ. तलाव बांधला त्या वेळी त्या जागेवरची झाडं तशीच पाण्याखाली गेली होती. पलीकडच्या उंच काठाजवळ एक जुना उंबर बुडालेला होता. उन्हाळ्यात त्याचा शेंडा वर यायचा, एरवी नुसती पाण्यावर सावली दिसायची. एका सकाळी मामंजी परत आले, आणि माझ्यासमोर एक भूल टाकून म्हणाले, "उंबरात अडकली होती. पिसं गेली. नीट कर." त्याबरोबर एक मोठा शिंगाळा होता, मिशावाला, निळसर पाठीचा. असा मासा त्या तलावातून यापूर्वी कधी आला नव्हता. मी दुपारी भूल सोडवायला घेतली. गळाभोवती काहीतरी घट्ट गुंतलं होतं. "शेवाळ आहे, कापून टाक," मामंजी पडवीतून म्हणाले. ते शेवाळ नव्हतं, सुताचे दोरे होते. भिजून काळे पडलेले, पण दोन बोटांत चोळले तर आतून तांबडे निघाले, आणि त्यांच्यात एक हिरवा. मला वाटलं, कुणीतरी चोरून कपडे धुतले असतील, धडपा वाहून गेला असेल. त्यांच्यात दोन-तीन लांब केसही होते. तेही मी नखांनी ओढून काढले आणि चुलीत टाकले. जळताना केसांचा वास आला तो मला चांगला आठवतो. त्या रात्री आम्ही तिघांनी त्या शिंगाळ्याचं कालवण खाल्लं. मामंजींनी नेहमीप्रमाणे डोकं घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन शिंगाळे आणले. आदल्यापेक्षा मोठे. सासूबाई हात फिरवून म्हणाल्या, "काय चरबी आहे हो यांच्यावर." पोट चिरलं तेव्हा आतून पिवळी चरबी थुलथुलत बाहेर आली आणि तिला असा गोडसर वास होता की मी तोंड फिरवलं. तिखट वाटून, चिंच घालून कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. मामंजी पानावर बसले आणि म्हणाले, "माझं पोट ठीक नाही. मला दहीभात दे." मासा घरात असताना ते दहीभात मागतील ही गोष्टच नवी होती. सासूबाईंनी ओवा दिला.

त्याच दुपारी रखमा आली. हातात काही विकायला नव्हतं, कडेवर काशीचा मुलगा होता. पायरीवर बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "माईबाय, माजी काशी कुठं दिसली का हिकडं? दोन दीस झालं. गवताला म्हनून गेली ती आलीच नाय."

सासूबाई म्हणाल्या, "इकडे नाही गं आली."

"सासरची म्हनत्यात, पळाली मुंबैला. गाडीवरच्या कुना मानसासंगं. ह्ये पोर माज्या दारात टाकून गेले, म्हनले, असल्या बायचं पोर आमाला नको." तिने मुलाला वर सरकवलं. "माईबाय, अंगावरचं पोर टाकून कुनी जाईल का?"

पडवीतून मामंजी बाहेर आले. मी त्यांच्याकडे पाहत होते म्हणून मला आठवतं, ते रखमाकडे न बघता मुलाकडे बघत होते. "कर्जतला जा," ते म्हणाले. "स्टेशनात विचार. मुंबईची गाडी तिथे पाणी घ्यायला बराच वेळ थांबते. कुणीतरी पाहिलं असेल."

"व्हय दादा," रखमा म्हणाली आणि मुलाला घेऊन कर्जतच्या वाटेला लागली.

पुढचे दोन दिवस शिंगाळे येतच राहिले. एवढे की मामंजींनी एक स्टेशनमास्तरांना पाठवला. रोज सकाळी ते घामाने ओले होऊन यायचे, डोळे लाल, आणि मासा खाली ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला तेव्हा आजारपण वाटलं. आज मला वाटतं तो आनंद होता. दोन्ही दिवस त्यांनी दहीभातच खाल्ला. सासूबाई आणि मी कालवण खाल्लं. मला ते गिळवत नव्हतं, पण पानात टाकायची पद्धत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी रखमा परत आली. पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे. कर्जतला दोन दिवस गाड्या बघत बसली होती, प्रत्येक डब्याशी जाऊन विचारत होती. मूल तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं होतं. त्याला ती भाताची पेज पाजत होती. सासूबाईंनाही दया आली. "मनू, हिला काहीतरी वाढ," त्या म्हणाल्या. मी केळीच्या पानावर दोन भाकऱ्या ठेवल्या आणि शिंगाळ्याचं कालवण घातलं, तुकडे जरा जास्तच घातले. रखमा पायरीवर बसली. दोन दिवसांची उपाशी बाई, तिने मान खाली घालून खायला सुरुवात केली. मी बोलायचं म्हणून विचारलं, "जाताना अंगावर काय होतं तिच्या?"

रखमाने घास गिळला. "गेल्या दिवाळीला घेतलेलं लुगडं. मीच घेतलेलं. तांबडं चौकड्याचं, चौकडीत हिरवी रेघ." आणि तिने माशाचा तुकडा मोडून तोंडाकडे नेला.

माझ्या हातात पळी होती ती कुठे पडली मला माहीत नाही. मी वाकले आणि तिच्या पुढचं पान ओढलं. तिने दचकून ते धरलं, मी आणखी जोरात ओढलं. पान फाटलं, कालवण तिच्या लुगड्यावर सांडलं. तिच्या हातात तुकडा होता तोही मी तिचं मनगट धरून झटकून टाकला. कुणब्याच्या बाईला वाढलेलं अन्न वरच्या घरातल्या पोरीने हातातून हिसकावून घेतलं, एवढंच तिला दिसलं. मूल जागं होऊन रडायला लागलं. सासूबाई आतून ओरडल्या. रखमा माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या ओठाला रस लागला होता. "नको वाढायचं व्हतं तर सांगायचं, सूनबाय," ती हळू म्हणाली, आणि गेली. मी अळवात जाऊन ओकले. ओकताना मला त्या पानांची मुळं दिसत होती, आणि चार दिवसांचं मासे धुतलेलं पाणी मी तिथेच ओतलं होतं.

मामंजी पडवीत भुलीसाठी पितळ घासत बसले होते.

"मामंजी, ते शेवाळ नव्हतं," मी म्हटलं.

"कोणतं?"

"भुलीवरचं. काशीचं लुगडं होतं."

त्यांनी घासणं थांबवलं नाही. "दार लोटून घे," म्हणाले. मी घेतलं. मग ते अगदी साध्या आवाजात बोलले, जणू पाण्याची उंची सांगत आहेत. "पहिल्या दिवशी मला कळलं नाही. देवाशपथ. गळ अडकला, ओढला, सुटला. दुसऱ्या दिवशी ऊन पाण्यात उतरलं तेव्हा दिसलं. फांद्यांच्या खाली आहे. गवत कापताना वरून घसरली असणार."

"दुसऱ्या दिवशी रखमा आली होती."

"हो."

"तुम्ही तिला कर्जतला पाठवलंत."

"मग काय सांगणार होतो? कुठून पाहिलंस म्हणून विचारलं असतं. पाण्याच्या मधोमध तू काय करत होतास? नोकरी गेली असती, मनू. हे घर गेलं असतं. पोराचं शिक्षण आहे." त्यांनी पितळ उजेडाकडे धरून पाहिलं. "ती मेलेली आहे. चार दिवसांनी कळलं काय आणि आज कळलं काय, तिला काही फरक नाही. वर येईलच."

"पण तुम्ही रोज तिथेच जात होता."

ते पुन्हा पितळ घासायला लागले.

"का जात होता?"

"असे मासे," ते म्हणाले आणि थांबले. मग खाली मान घालून म्हणाले, "असे मासे या तलावात मी कधी पाहिले नव्हते."

"आम्हाला खायला घातलेत. तुम्ही का नाही खाल्ले?"

त्यांचे हात तेव्हा थांबले. मला वाटलं ते रडतील. ते रडले असते तर कदाचित मी पुढे सगळं विसरले असते. मला त्यांची माया होती. पण त्यांनी पितळेचा तुकडा काळजीपूर्वक डबीत ठेवला, झाकण लावलं, आणि म्हणाले, "हिला सांगू नकोस. तिला दमा आहे."

मी त्या घरातून एकटी कधी बाहेर पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन विहिरीवर गेले, घागर काठावर ठेवली आणि वाडीची वाट धरली. कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. सुदैवाने रखमा वाटेतच भेटली. ती पुन्हा कर्जतला निघाली होती. मला बघून तिने पदर सावरला आणि बाजूने जायला लागली. मी तिच्यापुढे उभी राहिले.

"कर्जतला जाऊ नकोस. काशी तलावात आहे. पलीकडच्या काठाला, बुडालेल्या उंबराखाली."

तिने मला कोण म्हणालं, कसं कळलं, काही विचारलं नाही. मुलाच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "जित्ती नाय?"

"नाही."

ती मटकन वाटेतच बसली. मीही बसले. मुलाने माझ्या बांगड्या धरल्या. रखमा रडली नाही, एकदा नुसती म्हणाली, "पळाली नवती माजी पोर." मग माझ्याकडे वळून विचारलं, "काल पान का ओढलंत?"

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हटलं, "कालवण नासलं होतं. तुला बाधलं असतं."

ती माझ्याकडे पाहत होती. नासलेल्या कालवणासाठी कुणी मनगट धरून हातातला घास झटकत नाही, हे तिला कळत असणार. पण ती एवढंच म्हणाली, "बरं केलंत." मी आयुष्यात खोटं फार थोडं बोलले. हे त्यातलं एक, आणि याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

रखमाने पोलीसपाटलाला सांगितलं की काशी सपनात आली आणि जागा दाखवून गेली. त्यावर कुणी प्रश्न विचारले नाहीत. ठाकरवाडीतल्या दोघांनी बुड्या मारल्या. पाणी उतरवायला दरवाजा उघडावा लागला, तो मामंजींनी उघडला. सगळा गाव बांधावर होता, मीही सासूबाईंच्या मागे उभी होते. काशीला वर आणलं तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली. मी फिरवलं नाही. मला बघायचं होतं, आम्ही काय खाल्लं ते. त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की गवत कापायचा विळा तिच्या कमरेला तसाच खोचलेला होता. रखमाने तो विळा काढून घेतला आणि तिच्या सासरच्या माणसांसमोर धरला. त्यांचा म्हातारा खाली बघत राहिला. मामंजींनी आपलं उपरणं काढून काशीवर घातलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आजूबाजूचे लोक म्हणाले, देवमाणूस आहे.

नवा साहेब चौकशीला आला. तलावाच्या कारकुनाने तातडीने दरवाजा उघडला, माणसं लावली, प्रेत सन्मानाने वर काढलं, हे सगळं त्याला पाटलाने सांगितलं. साहेब खूश झाला आणि त्याने मामंजींना शाबासकीचं पत्र दिलं. आणि काय हवं म्हणून विचारलं, तेव्हा मामंजींनी जे मागितलं ते मिळालं. तलावात आपल्या होडीतून मासे धरायचा लेखी परवाना. सासूबाईंनी ते दोन्ही कागद देवघराशेजारी भिंतीला लावले. काशीचा मुलगा रखमाकडेच वाढला. सासरच्यांनी नंतर मागितला, तिने दिला नाही.

परवाना आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजी उजाडल्यावर, सगळ्यांच्या देखत, शेंग खांद्यावर घेऊन गेले आणि एक शिंगाळा घेऊन आले. लहानसा. माझ्यापुढे ठेवला. मी मसाला वाटत होते. वाटण संपवलं, हात धुतले, आणि म्हटलं, "मी हा चिरणार नाही."

सासूबाईंचा हात उठला. मामंजी घाईने म्हणाले, "राहू दे, राहू दे. मी चिरतो." आणि ते खरंच विळीवर बसले. पुरुष माणूस चुलीपाशी विळीवर बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांना जमत नव्हतं. खवले नसलेला तो गुळगुळीत मासा हातातून निसटत होता. पोट चिरताना त्यांनी श्वास कोंडून धरला होता, ते मला दिसलं. कालवण मी केलं. चांगलं केलं, हात राखला नाही.

ते पानावर बसले आणि म्हणाले, "पोट जरा..."

"आता काय झालं पोटाला?" सासूबाई म्हणाल्या. "परवान्याचा पहिला मासा. स्वतः धरलात, स्वतः चिरलात. आज दहीभात मिळणार नाही."

ते माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांच्या पानात भात घातला, भातावर कालवण घातलं, आणि डोकं त्यांच्या पुढे ठेवलं, कारण डोकं नेहमी त्यांचंच असे. मग पातेलं हातात घेऊन तिथेच उभी राहिले. वाढणाऱ्या सुनेने उभं राहायचंच असतं, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. त्यांनी पहिला घास घेतला. चावला. कपाळावर घाम आला. दुसरा घेतला.

त्यांचं पान निम्मं झालं तेव्हा मी खाली वाकून विचारलं, "आणखी वाढू?"

सासूबाई बघत होत्या. मामंजींनी पानावर आडवा हात धरला नाही. मी वाढलं, आणि त्यांनी ते सगळं संपवलं.